वाहनविम्याचे गणित : ‘जोखमीचा चालक’ कसा ठरतो?

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात सायंकाळी पाच मिनिटे उभे राहिलात, तर ‘एमएच १३’ या अक्षरांची शेकडो वाहने तुमच्या डोळ्यांसमोरून जातील. स्कूटर, मोटारसायकली, रिक्षा, मोटारी, एखादी एस.टी. आणि हिवाळ्यात उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा. रस्त्यावर आलेल्या जवळजवळ प्रत्येक स्वयंचलित वाहनाचा विमा असला पाहिजे, असा कायदा आहे. परंतु हा विमा काम कसा करतो, त्याचा हप्ता कोण आणि कसा ठरवतो, आणि एखादा चालक ‘जास्त जोखमीचा’ आहे असे कशावरून म्हणतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. हे सगळे तुमच्या आठवी-नववीच्या गणितातून समजण्यासारखे आहे.

प्रथम दोन आकडे पाहू. ७५ ते १५० सीसी इंजिनाच्या दुचाकीसाठी केंद्र सरकारने १ जून २०२२ पासून लागू केलेला अनिवार्य विम्याचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये होता. त्यावरचा कर वेगळा. हा झाला पहिला आकडा.

आता समजा, अशा दुचाकीच्या धडकेने यंत्रमागावर काम करणारा ३८ वर्षांचा एक कामगार दगावला. त्याची कमाई महिन्याला १२,००० रुपये होती आणि घरात त्याच्यावर अवलंबून असलेली चार माणसे आहेत. अशा वेळी भरपाईचा निर्णय मोटार अपघात दावा न्यायाधिकरण देते. हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. वर्षाची कमाई १,४४,००० रुपये. कमाई पुढे वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे. ती २,०१,६०० रुपये होते. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करायचा. उरले १,५१,२०० रुपये. ३६ ते ४० या वयासाठी गुणक १५ आहे. गुणाकार केला की २२,६८,००० रुपये येतात. हा दुसरा आकडा. किरकोळ इतर रकमा आपण धरलेल्या नाहीत.

भागाकार करून पाहा. अशा एका दाव्यासाठी ३,१७६ दुचाकींचे हप्ते लागतात. ज्याच्या घरी साठवलेले वीस हजारही नाहीत, असा स्कूटरवाला ही रक्कम कुठून आणणार? आणि त्याने ती आणली नाही, तर त्या कामगाराच्या मुलांनी काय करायचे? या दोन प्रश्नांचे उत्तर म्हणजे विमा.

एकट्याचे कोडे, हजारांचा हिशेब

एका माणसाला या वर्षी अपघात होईल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. पण एक लाख माणसांपैकी साधारण किती जणांना होईल, हे बऱ्यापैकी अचूक सांगता येते. हा विरोधाभास वाटतो. वर्गात प्रयोग केला की त्यातील मर्म कळते.

चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एकदा फासा टाकावा. सहा पडला तर ‘अपघात’ झाला असे समजावे. सरासरीने ४० पैकी सहा-सात जणांना सहा पडायला हवा. प्रत्यक्षात कधी तीन येतील, कधी दहा. सरासरीपासून पाचएकचा फरक पडू शकतो. म्हणजे अंदाज ७० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. आता शाळेतील सर्व वर्गांनी मिळून ४,००० वेळा फासा टाका. सरासरी ६६७ येते. त्यात पन्नासपेक्षा जास्त फरक क्वचितच पडेल. पन्नास हा पाचपेक्षा मोठा आकडा खरा; पण ६६७ मध्ये पन्नास म्हणजे केवळ सात-आठ टक्के. फाशांची संख्या शंभरपट झाली, तेव्हा अंदाजातील चूक दहापटीने घटली. शंभराचे वर्गमूळ दहा, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

स्वित्झर्लंडमधील गणितज्ञ याकोब बेर्नुली याने हा नियम सिद्ध केला. १७०५ मध्ये तो वारला आणि त्याचा ग्रंथ १७१३ मध्ये छापला गेला. या नियमाला ‘मोठ्या संख्यांचा नियम’ म्हणतात. विमा कंपनीचा सारा व्यवहार या नियमावर उभा आहे. तिला तुमचे भविष्य कळत नाही. ती फक्त पुष्कळ फासे एकत्र करते.

हप्ता कसा निघतो?

आता एक सोपे उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेले आहेत. समजा, एका गावात १,००० स्कूटरचालक आहेत. वर्षाला त्यांपैकी २० जणांच्या हातून अपघात होतो आणि प्रत्येक अपघातात १०,००० रुपयांचे नुकसान होते. एकूण नुकसान २,००,००० रुपये. हजार जणांनी ते वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २०० रुपये येतात. याला आपण ‘शुद्ध हप्ता’ म्हणू. त्यात कार्यालयाचा खर्च, पगार, कंपनीचा नफा आणि एखाद्या वाईट वर्षासाठी ठेवलेली गंगाजळी मिळवली की प्रत्यक्ष हप्ता तयार होतो.

शुद्ध हप्त्याचे सूत्र असे :

शुद्ध हप्ता = अपघाताची संभाव्यता × एका अपघातातील सरासरी नुकसान

आपल्या उदाहरणात संभाव्यता १/५० आहे आणि १०,००० × १/५० = २०० रुपये.

सर्वांना एकच हप्ता का नाही?

आता जरा खोलात जाऊ. हजारही जण सारखेच चालवतात असे नाही. समजा, त्यांत ८०० जण सावध आहेत आणि २०० जण उतावळे. सावध गटात ८० पैकी एकाच्या हातून अपघात होतो, म्हणजे वर्षाला १०. उतावळ्या गटात २० पैकी एकाच्या हातून होतो, म्हणजे तिथेही १०. बेरीज तीच, २०. परंतु शुद्ध हप्ता गटागटाने काढला तर :

सावध चालक : १०,००० × १/८० = १२५ रुपये
उतावळा चालक : १०,००० × १/२० = ५०० रुपये

सर्वांकडून सरसकट २०० रुपये घेतले, तर सावध चालक दरवर्षी ७५ रुपये दुसऱ्यासाठी भरतो. तो म्हणेल, “मला हा विमा नको.” थोडे सावध लोक बाहेर पडले की उरलेल्यांत उतावळ्यांचे प्रमाण वाढते आणि सरासरी हप्ता चढतो. मग आणखी काही सावध लोक निघून जातात. शेवटी सारे सावध गेले, तर हप्ता ५०० रुपयांवर पोहोचतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच घसरगुंडी समजावून सांगितली होती. माहितीच्या अशा विषमतेवरील कामाबद्दल २००१ मध्ये त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

ही घसरगुंडी थांबवण्याचे दोन उपाय आहेत. पहिला उपाय, कोणालाही बाहेर पडू न देणे, म्हणजे विमा सक्तीचा करणे. दुसरा उपाय, ज्याची जोखीम जास्त त्याच्याकडून हप्ता जास्त घेणे. भारताने दोन्ही उपाय वापरले आहेत, पण वेगवेगळ्या भागांसाठी.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई करणारा तो ‘तिऱ्हाइताचा विमा’. हा सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती १९४६ मध्ये अंमलात आली. आजचा कायदा १९८८ चा आहे. या भागाचा दर सरकार ठरवते आणि तो वाहनाचा प्रकार व इंजिन पाहून ठरतो. चालक सावध आहे की उतावळा, हे त्यात पाहिले जात नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक असतो, आणि १ जानेवारी २००७ पासून त्याचा दर कंपन्या स्वतः ठरवतात. ‘जोखमीचा चालक’ हा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या भागात येतो.

सोलापूरची मोटार आणि पुण्याची मोटार

जोखीम मोजायची कशी? कंपनीला चालकाच्या मनात डोकावता येत नाही. म्हणून ती बाहेरून दिसणाऱ्या खुणा पाहते : वाहनाची किंमत, त्याचे वय, इंजिनाचा आकार आणि नोंदणीचे गाव.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या भारतीय मोटार दरपत्रकात देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात. बाकी सारा देश ‘ब’ विभागात. सोलापूर अर्थातच ‘ब’ विभागात आले. पाच वर्षांपर्यंतच्या आणि १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला ‘अ’ विभागात किमतीच्या ३.१२७ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.०३९ टक्के दर होता. मोटारीची विमा-किंमत ४,००,००० रुपये धरा. पुण्याचा हप्ता १२,५०८ रुपये आणि सोलापूरचा १२,१५६ रुपये. फरक ३५२ रुपयांचा.

आता विचार करा. सोलापुरात नोंदलेली मोटार घेऊन कोणी रोज पुण्याच्या गर्दीत फिरत असेल, तरी त्याला सोलापूरचाच दर. उलट पुण्यात नोंदलेली मोटार महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवली, तरी तिला पुण्याचा दर. म्हणजे खूण आणि खरी जोखीम या एकच गोष्टी नव्हेत. खूण पाहून आपण गटाबद्दल अंदाज करतो. त्या गटातील प्रत्येक माणसाबद्दल तो खरा असेलच असे नाही. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा लागेल.

वेगाची जोखीम

काही खुणा मात्र केवळ अंदाजाच्या नसतात. त्यांच्यामागे भौतिकशास्त्राचा नियम असतो. वेगाचे उदाहरण घेऊ. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला एक सेकंद लागतो असे धरू. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या गतीने कमी होतो असे मानू.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत ११.१ मीटर आणि नंतर थांबेपर्यंत १०.३ मीटर, एकूण २१.४ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत १६.७ आणि नंतर २३.१ मीटर, एकूण ३९.८ मीटर. वेग दीडपट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता रात्रीच्या वेळी मोहोळकडून सोलापूरकडे येताना २२ मीटरवर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी दिसली अशी कल्पना करा. ताशी ४० ने येणारा तिच्या अलीकडे अर्ध्या मीटरवर थांबेल. ताशी ६० ने येणाऱ्याला ब्रेक लावायला केवळ ५.३ मीटर उरतात. v² = u² – 2as हे सूत्र वापरा. तो ट्रॉलीवर आदळेल तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ५३ किलोमीटर असेल. एक जण वाचला आणि दुसरा जवळजवळ पूर्ण वेगाने आदळला. वेगाने चालवणाऱ्यांच्या गटात दावे अधिक आणि मोठे का येतात, हे यावरून कळते. या प्रसंगात ट्रॉलीवर लाल परावर्तक पट्टी असती, तर दोघेही वाचले असते, हेही विसरू नका. जोखीम एकट्या चालकात नसते; ती रस्त्यावर आणि दुसऱ्याच्या वाहनावरही असते.

एका अपघाताने काय कळते?

आता आपण लेखाच्या गाभ्याशी आलो. आपल्या हजार चालकांकडे परत चला. कोण सावध, कोण उतावळा, हे कंपनीला माहीत नाही. तिला एवढेच ठाऊक आहे, की एकूण २० टक्के उतावळे आहेत. वर्ष संपले. ज्यांच्या हातून अपघात झाला त्या २० जणांची यादी तिच्यापुढे आली. त्या यादीत उतावळे किती? १०. सावध किती? १०.

म्हणजे यादीतील कोणत्याही माणसाबद्दल ‘हा उतावळा असेल’ अशी शंका २० टक्क्यांवरून एकदम ५० टक्क्यांवर गेली. त्याचा शुद्ध हप्ता ५०० आणि १२५ यांची सरासरी, म्हणजे ३१२ रुपये ५० पैसे येतो. २०० वरून ३१२. तो ‘जास्त जोखमीचा’ ठरला.

आता उरलेले ९८० जण पाहा. त्यांत उतावळे १९० आहेत. १९० भागिले ९८० म्हणजे १९.४ टक्के. एक वर्ष बिनअपघाताचे गेले, तरी शंका २० वरून केवळ १९.४ पर्यंत उतरली. सलग पाच वर्षे अपघात झाला नाही, तर ती सुमारे १७ टक्के होते. गणकयंत्रावर पडताळून पाहा : उतावळ्यांतून २०० × (१९/२०)⁵ म्हणजे सुमारे १५५ उरतात आणि सावधांतून ८०० × (७९/८०)⁵ म्हणजे सुमारे ७५१.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, विश्वास थेंबाथेंबाने साठतो आणि एका फटक्यात सांडतो. भारतातील ‘नो क्लेम बोनस’ची घडण अशीच आहे. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात एकही दावा न केल्यास दुसऱ्या वर्षी हप्त्यात २० टक्के सूट मिळते; नंतर २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक दावा केला की सूट पुन्हा शून्यावर येते. आपल्या उदाहरणापेक्षा ही सूट पुष्कळ मोठी आहे. याचे एक कारण असे, की किरकोळ ओरखड्यांसाठी लोकांनी दावे करू नयेत हाही तिचा हेतू आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या यादीतील २० जणांपैकी १० जण सावधच होते. त्यांच्यावर निव्वळ दुर्दैवाने पाळी आली. कंपनीला ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून त्यांनाही वाढीव हप्ता भरावा लागतो. ‘जोखमीचा चालक’ हा माणसाच्या कपाळी मारलेला शिक्का नव्हे. अपुऱ्या माहितीवरून केलेला तो अंदाज आहे. अंदाज असल्यामुळे नवी माहिती येईल तसा तो बदलला पाहिजे. ज्या पद्धतीत पुन्हा विश्वास कमावण्याची वाट नाही, ती पद्धत गणिताच्याही दृष्टीने चुकीची आहे.

माहिती वाढवण्याचे प्रयत्न चालू असतात. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना गुण देऊन त्यानुसार हप्ता वाढवावा आणि दिल्लीत त्याचा प्रयोग करावा, असे सुचवले होते. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना, वाहन किती चालवले आणि कसे चालवले यावर हप्ता ठरवणारी जोडसंरक्षणे देण्यास मुभा दिली. वाहनातील छोटे यंत्र किंवा मोबाइल फोन वेग आणि जोराचे ब्रेक मोजतो. अपघाताची वाट न पाहता सवयच मोजायची, अशी ही कल्पना आहे.

कोणालाच नको असलेले ट्रक

जोखीम जास्त म्हणून कोणी विमाच देईनासे झाले तर काय? असा प्रसंग आपल्या देशात ट्रकांवर येऊन गेला. सोलापूर हे पुणे-हैदराबाद महामार्गावरचे शहर. विजापूर आणि धुळ्याकडे जाणारा रस्ताही येथूनच जातो. ट्रकमालक येथे पुष्कळ. तिऱ्हाइताच्या विम्याचे दर बांधलेले आणि दाव्यांच्या रकमा मात्र वाढत्या, त्यामुळे ट्रकांचा केवळ सक्तीचा विमा उतरवण्यास कंपन्या टाळाटाळ करू लागल्या. कायदा म्हणतो विमा हवाच, आणि कंपनी म्हणते देत नाही. ट्रकमालकाने करायचे काय?

यावर १ एप्रिल २००७ पासून एक सामायिक संचय सुरू झाला. व्यापारी वाहनांच्या तिऱ्हाईत-विम्याचे सगळ्या कंपन्यांचे हप्ते आणि दावे एका ठिकाणी गोळा करून, प्रत्येक कंपनीच्या एकूण व्यवसायाच्या प्रमाणात वाटले जाऊ लागले. कोणत्याही कंपनीने ट्रकचा विमा उतरवला, तरी तोटा सर्वांचा. नकार देण्याचे कारणच उरले नाही. अमेरिकेतील राज्यांतही कोणी न स्वीकारलेले चालक कंपन्यांमध्ये वाटून देण्याच्या योजना आहेत.

पण या उपायातही एक खोट होती. तोटा सर्वांचा असल्यामुळे दावा खरा की खोटा हे बारकाईने तपासण्याची ओढ एकेका कंपनीला उरली नाही. ३१ मार्च २०१२ रोजी हा संचय बंद झाला आणि त्याच्या जागी फक्त नाकारलेल्या जोखमींसाठी लहान संचय आला. पुढे तोही गुंडाळला गेला. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन, प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने तिऱ्हाईत-विम्याचा ठरवून दिलेला किमान वाटा उचललाच पाहिजे, असे बंधन आले. कारण या विम्याचा खरा लाभार्थी वाहनमालक नसतो. तो असतो रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, ज्याने कधी हप्ता भरलेला नाही आणि ज्याला कोणते वाहन धडकणार हे निवडता येत नाही.

जोखमीच्या चालकाने काय करावे?

समजा, तुमच्या काकांच्या मोटारीचे गेल्या दोन वर्षांत दोन दावे झाले आणि आता हप्ता वाढून आला. त्यांना तुम्ही पुढील गोष्टी सांगू शकाल.

१. तिऱ्हाइताचा विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. विनाविमा वाहन चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे २२ लाखांचा तो आकडा स्वतःच्या घरादारावर येतो.

२. स्वतःच्या नुकसानीचा विमा संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही, तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. हा बोनस वाहनाचा नसून मालकाचा असतो. जुनी मोटार विकून नवी घेतली, तर तो नव्या मोटारीला लावता येतो.

३. दर कंपन्या स्वतः ठरवतात, म्हणून चार ठिकाणी विचारावे. एकाने जास्त सांगितले म्हणून सगळे तेवढेच सांगतील असे नाही.

४. नुकसानीचा पहिला ठरावीक भाग स्वतः सोसण्याची तयारी दाखवली, तर हप्ता कमी होतो. मात्र तेवढी रक्कम हाताशी ठेवली पाहिजे.

५. दुरुस्तीचा खर्च आणि पुढील वर्षी बुडणारी सूट यांची तुलना करूनच लहान दावा करावा.

६. मागील दावे लपवू नयेत. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले, तर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

७. आणि सर्वांत खात्रीचा उपाय : वेग कमी करावा, मद्य पिऊन चालवू नये. बाकी उपाय हप्ता कमी करतात; हा जोखीम कमी करतो.

अठरा वर्षांखालील चालक

आता तुमच्याविषयी. शाळेच्या गणवेशात वडिलांची स्कूटर चालवणारी मुले सोलापुरात दिसत नाहीत असे कोण म्हणेल? ‘मला चालवता येते’ असे ती सांगतात. येतही असेल. पण कायद्याने अठरा वर्षांपूर्वी वाहन चालवता येत नाही. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला तेवढा सोळा वर्षांचा अपवाद आहे, आणि तोही परवाना घेऊनच. त्यामुळे असा मुलगा ‘जास्त जोखमीचा चालक’ सुद्धा नसतो. जोखमीच्या चालकाला जास्त हप्ता भरून विमा मिळतो. याच्यासाठी कोणताच हप्ता नाही.

विनापरवाना चालकाच्या हातून अपघात झाला, तर स्वतःच्या वाहनाची भरपाई विमापत्राच्या अटींनुसार मिळत नाही. जखमी माणसाचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाप्रमाणे, अशा वेळी कंपनीला आधी त्याला रक्कम द्यायला सांगून नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देता येते. म्हणजे पीडिताचे कुटुंब उघड्यावर पडत नाही. पण ते २२ लाख अखेर वडिलांकडून मागितले जातात. शिवाय २०१९ मध्ये कायद्यात घातलेल्या कलम १९९-क नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. हजार घरांनी मिळून उचलायचे ओझे इथे एका घरावर पडते.

सोडवून पाहा

१. आपल्या उदाहरणात २०० ऐवजी ३०० चालक उतावळे आणि ७०० सावध आहेत असे धरा. संभाव्यता त्याच ठेवून सरासरी शुद्ध हप्ता काढा. ज्याच्या हातून एक अपघात झाला, तो उतावळा असण्याची शक्यता किती?

२. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला २२ मीटरवर ट्रॉली दिसली. तो थांबेल का? नसल्यास किती वेगाने आदळेल?

३. ३.०३९ टक्के दराने ५,००,००० रुपये किमतीच्या मोटारीचा हप्ता काढा. ५० टक्के नो क्लेम बोनस असताना ६,००० रुपयांचा दावा करणे परवडेल का? पुढील पाच वर्षांचा हिशेब मांडून उत्तर द्या. मोटारीची किंमत तेवढीच राहते असे समजा.

४. घरातील वाहनाचे विमापत्र मागून घ्या. त्यात तिऱ्हाइताचा हप्ता किती, स्वतःच्या नुकसानीचा किती, बोनस किती टक्के आणि विमा संपण्याची तारीख कोणती, ते वहीत लिहा. तारीख उलटून गेली असेल, तर ती आजच घरच्यांच्या नजरेस आणा.